बारा वाजताची खूण

कामोठे, मंगळवार संध्याकाळ

घरी येऊन तास झाला, तरी ती खूण डोक्यातून जात नाही.

वॉर्डात जासईचे एक काका आहेत, पॅरालिसिसचे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची आणि चार्टवर खूण करायची. आज आठलाच मी दोनपर्यंतच्या सगळ्या खुणा करून टाकल्या. आम्ही सगळ्याच करतो, नंतर वेळ कुठे मिळतो? बाराला मी खाली फार्मसीच्या रांगेत होते, कारण औषधं आणणारी मावशी रजेवर. काकांची कूस राहिली ती राहिलीच.

एकला मेट्रन मॅडम राउंडला आल्या. काकांची फाइल उचलून बाकीच्या सिस्टर्सना म्हणाल्या, "हिचं बघा. एकही रकाना रिकामा नाही." मी चक्क थँक्यू म्हटलं.

काकांची बायको, काकू, शेजारीच उभ्या होत्या. मॅडम गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सिस्टर, धा वाजल्यापासून यांना कोनी कुशीवर नाय केला. पाठ बघा."

पाठ तळहाताएवढी लाल झाली होती. आम्ही दोघींनी मिळून त्यांना वळवलं. तीन मिनिटं लागली.

तीन मिनिटंही नव्हती माझ्याकडे? की वर आल्यावर बाराची खूण झालेली दिसली, म्हणून मी निवांत पुढच्या बेडकडे गेले?

निघताना पेन हातातच होतं. बाराची खूण खोडता आली असती. मी खाली सही केली आणि फाइल जागेवर ठेवली.