अप्पांचं तीस टक्के

रविवार, दसरा होऊन आठवडा झाला

अप्पा, तुम्ही गेल्यापासून एक ओळही लिहिली नाही तुम्हाला, माफ करा. आज लिहितेय ते तुमच्या फोनमुळे. दर आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी तो कपाटातून काढते, शंभर टक्के चार्ज करते, कुंकू लावते आणि बंद करून परत ठेवते. बेळगोळच्या कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांत पाणी घालताना तुम्हीच सांगायचात, रिकामी ठेवली की मरते. या वर्षी काढला तर पाठ फुगून झाकण उचललेलं.

काल चामराजपुरमातल्या दुकानात नेला. तिथली बाई म्हणाली, "टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका." तुमचा नियम सांगितला तर हसली. "तो शिशाच्या बॅटरीचा, मॅडम. हिला गच्च भरून ठेवलेलं सोसत नाही, उष्णताही नाही. निम्मी भरून थंड जागी ठेवायची." आणि आपलं कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला! मग मी तिला खरं विचारायचं ते विचारलं. जुना फोन तीस टक्के दाखवून एकदम बंद पडू शकतो का? "पडतो की! तो आकडा म्हणजे अंदाज. म्हातारी बॅटरी नुसती धरून राहते, कॉल लावून जोर मागितला की बसते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं घरात खोटी ठरूनच येतात."

तुम्ही सरगूर गावाहून एकटे येताना बस बिघडली, तो दिवस मला अजून दिसतो. दुपारपासून तुमचा फोन बंद, आई दारात. दिवेलागणीला तुम्ही येता, चपलाही काढलेल्या नाहीत, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, "जन्मभर बॅटऱ्या सांभाळल्यात, स्वतःचा फोन चार्ज करता येत नाही?" तुम्ही म्हणता, "अय्यो, तीस होतं कणे, पोरी. तुला लावायला गेलो नि विझला." मी म्हणते, "निदान खोटं तरी बोलू नका." तुम्ही पाणी पिऊन आत जाता. त्यानंतर फोन दिवसभर चार्जरवरच असायचा, आणि सरगूरला तुम्ही एकटे कधी गेला नाहीत. घरात मात्र थट्टा राहिली. कुणी थाप मारली की आई अजून म्हणते, "हे अप्पांचं तीस टक्के."

त्या दिवशी तीसच होतं का, हे मला आता कळणार नाही. पण असू शकत होतं, आणि एवढं विचारायला मला इतकी वर्षं लागली. फोनची बॅटरी कशी चालते हे तेव्हा तुमच्याशेजारी बसून कुणाला विचारलं असतं, तर तुम्हालाही नवल वाटलं असतं.

हे पत्र वहीतच राहील. एक सांगायचं राहिलं. दुकानातल्या बाईनं विचारलं, फोन कुणाचा? मी म्हटलं, माझाच. तुमचा म्हटलं असतं, तर खोटं कुणी ठरवलं तेही सांगावं लागलं असतं.

उद्या: आईला सांगणे, तीस असू शकतं.