हुकमाबाहेरचा पाय

कोरेगाव,
रविवार

ती. नानासो मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून साष्टांग कसा घालतात, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. टेबलावर कपाळ टेकवून घेतले आहे, ते धरून घ्यावे.) मामींचा गुडघा कसा आहे? द्राक्षाची छाटणी आटोपली का? फोनवरच विचारले असते; पण इथे फोन लावला की अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि तिकडे तुमच्या फोनला मामींचे कान असतात. म्हणून हा कागद.

तर तुमच्या दाजींचे, म्हणजे अण्णांचे, ऑपरेशन साताऱ्यात नीट पार पडले. लघवीतून रक्त गेले, पण दुखले काहीच नाही, म्हणून त्यांनी ते बरेच दिवस दडवले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मूत्राशयात गाठ निघाली. पोट न फाडता लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती करंटने खरवडून काढायची, कमरेखाली बधिर करायचे, दोन-तीन दिवसांत घरी. इथवर अण्णांनी सगळे मान्य केले. गाडी अडली ती पायापाशी.

भूल देणाऱ्या डॉक्टर राजेश्वरी म्हणून आहेत, वयाने तरुण, आपल्या सोनमएवढ्या. त्यांनी सांगितले की गाठ मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर आहे आणि भिंतीला अगदी लागून मांडीची एक नस जाते. करंट त्या नसेला लागला की कंबर बधिर असूनही पाय ताडकन उडतो. आत हत्यार असताना तो उडाला तर मूत्राशयाला भोक पडू शकते. म्हणून जांघेत एक जादा इंजेक्शन देऊन ती नस तेवढ्यापुरती गप्प करायची. मला हे लगेच पटले. (पटले म्हणजे नक्की काय झाले, हे मी रात्री डायरीत तपासले. समजले थोडे, घाबरलो पुष्कळ, आणि त्या दोहोंच्या बेरजेला मी पटणे म्हणत होतो.)

अण्णा मात्र खुर्चीतून उठून सावधान उभे राहिले. "डॉक्टरीणबाई, सुईला मी भीत न्हाई. पर ह्यो सुभेदाराचा पाय हाय. माझ्या हुकमाबिगर ह्यो हलत न्हाई." आणि मग ती गांधीलमाशी आली. साहेबांच्या इन्स्पेक्शनला पोटरीवर गांधीलमाशी बसली, चावली, पण पाय हलला नाही, ही कथा. (तुमच्या मते तो डास होता, हे मी तिथे बोललो नाही. बोलायला हवे होते का, याचा अजून निकाल लागलेला नाही.)

डॉक्टर हसल्या नाहीत. मेन स्विच बंद केला तरी पुढच्या वायरीला कुणी बाहेरून करंट दिला तर मोटर फिरणारच, असे त्यांनी समजावले. पूर्ण बेशुद्ध करून सगळे स्नायू ढिले करता येतात, पण अण्णांच्या विडीने पोखरलेल्या छातीला ते झेपेल याची खात्री नाही, हेही सांगितले. अण्णांचे उत्तर एकच. इंजेक्शन म्हणजे पायावर अविश्वास.

घरी आल्यावर सराव सुरू झाला. रोज सकाळी अंगणात एका पायावर उभे. शेजारच्या भामाबाईंनी कुंपणावरून विचारले, "सुभेदार, परत भरती निघाली व्हय?" तुमच्या बहिणीने दोन दिवस हे पाहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, लगीन झाल्यापासनं झोपंत लाथा खातीया मी. तवा कुनाचा हुकूम असतुया?" अण्णा त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपले. पाय खाटेला गमजाने बांधून.

हसू येत होते, मामा, पण खोटे सांगत नाही, डायरीत त्या रात्री मी एवढेच लिहिले: या हट्टापायी त्यांचे काही झाले तर मी हसलो होतो हे मला आठवत राहील.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी तोड काढली. कमरेत भूल दिली, मग म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, आधी पायाची परीक्षा घेऊ. बारीकसा करंट देते. हलला नाही तर पुढचं ठरवू." अण्णांची मान उंच करून ठेवली, नजर पायावर. करंटची सुई जांघेत लागली आणि मांडी टणाटण उडू लागली. अण्णांना काही जाणवत नव्हते, नुसते दिसत होते. त्यांनी चक्क "थम!" असा हुकूम सोडला. पाय उडतच राहिला. मग म्हणाले, "फितूर झाला की ह्यो. द्या बाई इंजेक्शन." औषध गेले आणि पाय हळूहळू गप्प झाला. (हे सगळे मला डॉक्टरांनी सांगितले.) गाठ निघाली, पाय जागचा हलला नाही. रिपोर्ट वरवरच्या गाठीचा आला आहे, पण ती पुन्हा उगवू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहावे लागेल.

तुमचा भाचा,
राजवर्धन

ता. क. गावात अण्णा सांगतात की पाय त्यांच्याच हुकमाने थांबला, इंजेक्शन आपले नावाला होते. भेटाल तेव्हा दाद द्यावी. गांधीलमाशीचा डासही करू नये.

ता. क. २. गेल्या आठवड्यात तुम्ही बागेतून हळू आवाजात फोन करून विचारलेत की लाल एकदाच झाले आणि दुखले नाही तर चालते का, वाडीतल्या एका माणसासाठी विचारतोय. चालत नाही, मामा. त्या माणसासाठी साताऱ्यात दहा दिवसांनंतरच्या बुधवारची वेळ घेतली आहे. नाव-वय विचारले, तेव्हा त्याचे माहीत नसल्याने तुमचेच दिले. त्याला घेऊन यावे. तो आला नाही तर तुम्ही एकट्यानेच यावे.

ता. क. ३. अण्णांनी पाठीमागून येऊन हे वाचले. म्हणाले, "नानानं वाडीतल्या मानसाची काळजी कवापासनं कराय घेतली रं?" जाताना म्हणाले, "त्येला लिही. लाजू नगं म्हनावं. माझा बी उडला हुता." आणि दारातून परत येऊन, "आनि ती गांधीलमाशी न्हवती. डासच हुता."