खानदानी बशी

रविवार, सांज. मी सांगून राहिली, नात वैशू लिहून राहिली.

आज दर्यापूरचे पाहुणे वैशूले पाहाले आले. पोराचा बाप बशीतला चहा फुरकत सारखा म्हणे, "आमी खानदानी, घरंदाज. आमच्या बाया बाजारात बसत नाहीत. पोरीले भाजीचं दुकान सोडा लागन."

म्या म्हटलं, "काहून भाऊ, तुमचं खानदान उन्हात विटते काय?"

बशी तोंडापाशीच थांबली. पोरगा मात्र हसला. बापाची उष्टी बशी त्यानं सोताच उचलून मोरीत ठेवली अन् म्हणे, "बाबा, दुकान तिचं हाये. राहू द्या."

घरंदाज म्हणतात ते हेच असन काय? वैशू म्हणते, "आजी, हे नको ना सांगू." लिही गं! सारे भांडे घासले तिनं, त्या पोरानं उचललेली बशी तेवढी तशीच ठेवली.