एक तास सदतीस मिनिटं

१८ ऑगस्ट, सोमवार

माझंच नाव निघालं! साहेबांनी सकाळी बोलावून कागद पुढे सरकवला. परदेशात सहा दिवसांचं प्रशिक्षण, बसची वेळापत्रकं संगणकावर कशी बसवायची त्याचं. आमच्या डेपोतून दोघं — कार्यशाळेचे इंजिनिअर आणि वेळापत्रक विभागातून मी. "एकोणीस वर्षं लोकांना गाड्यांत बसवताय, आता एकदा स्वतः बसा," साहेब म्हणाले. एरवी हसले असते. पण कागदावर देशाचं नाव वाचलं होतं. ताईचा देश!

ह्यांना सांगितलं तेव्हा हे भाजी निवडत होते. मान वर न करता विचारलं, "मग भेटणार का?"

"कुणाला?" मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि दुसरी जुडी सोडली. सव्वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने एकदाही माझं सोंग उघडं पाडलं नाही. फक्त 'बरं' म्हणतात. त्याचाच जास्त राग येतो.

२० ऑगस्ट

गुरुवार मोकळा आहे. कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहिलंय — ११ सप्टेंबर, गुरुवार, सुट्टी. शुक्रवारी सकाळी नऊला मला आमच्या डेपोबद्दल बोलायचंय, म्हणून मुक्काम करता येणार नाही. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

ताईचं गाव नकाशावर शोधलं. शहरापासून बरंच लांब. बोटाने नकाशा मोठा करत गेले तेव्हा कुठे एक ठिपका आला. त्या ठिपक्यात माझी बहीण राहते, आणि सहा वर्षांत मी तिचा आवाज ऐकलेला नाही. वाढदिवसाला एक ओळ ती लिहिते, एक ओळ मी. दोघीही पूर्णविराम देऊन मोकळ्या होतो.

२२ ऑगस्ट

इंजिनिअरना सहज विचारलं, तिकडे आडगावात जायचं तर कसं जातात. म्हणाले, "गाडी भाड्याने घ्या. तासाभराचा प्रश्न!"

"मला चालवता येत नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बसखात्यात एकोणीस वर्षं, आणि गाडी येत नाही?"

"तुम्हाला तरी कुठे वेळापत्रक वाचता येतं?" म्हटलं. त्यांनी कप पुन्हा उचलला.

येत नाही ते खरं. बाबांनी आम्हा दोघींना एकाच सुट्टीत शिकवायला घेतलं होतं. मी गाडी फाटकात घातली, ताईने दुसऱ्या दिवशी गटारात. बाबा खाली उतरले, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरींनो, तुम्ही आपल्या बसनेच जात जा." ताई स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतकी हसत होती की हॉर्न वाजत राहिला, आणि शेजारचे सगळे बाहेर आले.

अजून ऐकू येतो तो हॉर्न.

२५ ऑगस्ट

लिहिलं तिला! चार वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. शेवटी एवढंच राहिलं — 'सात ते तेरा सप्टेंबर तुझ्या देशात आहे. कामासाठी. एखादा दिवस येऊ का?'

२७ ऑगस्ट

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे पुन्हापुन्हा फोन उघडायला नको.

'नको येऊस. गाडीशिवाय इथे येणं जमायचं नाही. बस आहे ती नावाला. हे बोटीवर गेलेत, डिसेंबरात येतील. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मला अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर पडता येत नाही, नाहीतर मीच आले असते. उगाच दगदग करून घेऊ नकोस.'

मी लिहिलं, 'बरं.'

ह्यांचा शब्द. कधी नव्हे तो उपयोगी पडला.

२८ ऑगस्ट

दिवसभर कामात लक्ष नाही. सत्तावीस नंबरच्या दोन फेऱ्या एकाच चालकाला एकाच वेळी लावल्या. नशीब शिपायाच्या लक्षात आलं.

दगदगीची काळजी आहे तिला, की मी नको आहे? नको असले तर त्यात तिचं काय चुकलं? आई गेली तेव्हा ताईला विमान मिळालं नाही, ती एक दिवस उशिरा आली. मी आईचं सगळं एकटीने केलं होतं, दोन वर्षं. चौथ्या दिवशी ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. म्हणाली, "आईची शिवणाची कात्री मी नेऊ का गं?" एवढंच विचारलं होतं तिने. आणि मी — मी म्हटलं, "न्यायला आलीस का? पाहुण्यासारखी आलीस, आता पाहुण्यासारखीच जा."

तिने उरलेले दोन कप विसळले. हात पुसले. त्याच दिवशी तिकीट बदलून गेली.

कात्री माझ्या कपाटात आहे. सहा वर्षांत एक सूत कापलेलं नाही तिने.

३० ऑगस्ट

जाणार आहे. तिला न सांगता. सांगितलं तर पुन्हा 'नको' म्हणेल, आणि दोनदा नको ऐकून जायची माझी छाती नाही. दारातून परत पाठवलं तर पाठवलं. दार तरी बघून येईन.

आणि 'गाडीशिवाय जमायचं नाही' म्हणजे काय? कुणाला सांगतेस, ताई? मी जमवते!

३१ ऑगस्ट, रविवार

जमलं! सकाळपासून बसले होते. त्यांच्या रेल्वेचं एक वेळापत्रक, दोन बसकंपन्यांची दोन, सगळी वेगवेगळ्या तऱ्हेची. लिपी कळत नाही, पण आकडे ते आकडे. ऑफिसात करते तसंच केलं — कोऱ्या कागदावर उभे रकाने पाडले आणि फक्त आकडे उतरवले.

रेल्वे ७.१२, पोचते ९.३८. स्टेशनाबाहेरून बस ९.५५, बाजाराच्या गावी १०.४०. तिथून दुसरी बस ११.०५, ताईच्या गावी ११.३१. थांब्यापासून घर सहा मिनिटं. परतीची बस १.२०. ती चुकली तर त्या दिवशी दुसरी नाही.

म्हणजे ताईजवळ एक तास सदतीस मिनिटं. जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि पदरात एवढं. पण बदलायला कुठेही पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नाही. इतकं सुबक वेळापत्रक मी आमच्या डेपोसाठीसुद्धा कधी बसवलं नव्हतं. ह्यांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, म्हणाले, "रडायला वेळ ठेवलेला दिसत नाही."

१ सप्टेंबर

काय बोलायचं ते ठरवत होते. पहिली पाच मिनिटं माफी. मग सासूबाईंची चौकशी. मग कात्री. मग... मग काय ते सुचेना. मला फक्त तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचंय. ती पाठमोरी काहीतरी करत असावी आणि मधूनच म्हणावी, "अगं, ऐक ना."

तसं म्हणणारं आता कुणी नाही मला.

६ सप्टेंबर

उद्या विमान. कात्री मोठ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून. हातातल्या पिशवीत ठेवली असती तर विमानतळावरच मला धरलं असतं.

८ सप्टेंबर, सोमवार

खोली लहान, खिडकी मोठी. समोरच ट्रामचा थांबा. एक ट्राम मिनिटभर उशिरा आली तर मलाच ओशाळल्यासारखं झालं.

वर्गात चौदा जण. शिकवणाऱ्या बाई तडफदार आहेत. इंजिनिअर पहिल्याच तासाला पेंगले.

ताई आणि मी एकाच देशात आहोत आज. पाऊस आला तर दोघींकडे येत असेल.

९ सप्टेंबर

इंजिनिअर विचारतात, गुरुवारी त्यांच्याबरोबर संग्रहालयात येणार का. म्हटलं, एका बाईंना भेटायचंय. "कोण हो?" म्हटलं, ओळखीच्या आहेत.

खोलीवर येऊन तोंड धुतलं, तरी तो शब्द जिभेवरून जाईना. ओळखीच्या!

दोनदा फोन हातात घेतला. येते म्हणून कळवावं का? ठेवून दिला.

१० सप्टेंबर

स्टेशनावर जाऊन फलाट बघून आले. तिकीट काढलं. सात वाजून बारा मिनिटं — आकडा बरोबर आहे. उद्या ह्या वेळेला भेटून आलेली असेन. कशी असेल ती? केस काळे करत असेल का? मी करत नाही, म्हणून मीच मोठी दिसायची!

११ सप्टेंबर, गुरुवार. ८.२०, रेल्वेत.

वेळेवर सुटली. खिडकीची जागा. शेतं, गोदामं, पुन्हा शेतं. समोरचा माणूस पाव खातोय. कात्री मांडीवरच्या पिशवीत आहे. हाताला टोक लागतं टॉवेलातून.

त्याच दिवशी, १०.१०, पहिल्या बसमध्ये.

दोन मिनिटं लवकर निघाली! आमच्याकडे चालकाला जाब विचारला असता. तरी सगळं माझ्या कागदाप्रमाणे चाललंय.

त्याच दिवशी, १०.५२. बाजाराच्या गावचा थांबा.

मी मूर्ख आहे. एकोणीस वर्षांची मूर्ख.

खांबावर वेळापत्रक लावलंय. ११.०५ आहे, माझ्या कागदावर आहे तसंच. पण त्याच्या शेजारी एक बारीकसा फोन चितारलाय. घरच्या छापील कागदावरही तो होता, आता आठवतं. मी तो बघितलाच नाही! आमच्याकडे आकडे बसवतो आम्ही, आणि शेजारच्या खुणा — शाळेच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी — ते सगळं खालच्या मजल्यावरचे छपाईवाले शेवटी घालतात. खुणांकडे बघायची डोळ्यांना सवयच नाही. दुसरं कुणीही, वेळापत्रकातलं ओ की ठो न कळणारं माणूस असतं, तर त्याने आधी विचारलं असतं की बाबा, हा फोन कशाला?

बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. खुणेनेच विचारलं. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. ही गाडी रोज सुटत नाही. जायचं असेल त्याने आदल्या दिवशी कंपनीला फोन करून सांगायचं. कुणी सांगितलं नसेल तर गाडी येतच नाही. "आज माझं काम नव्हतं, मी सांगितलं नाही," म्हणाल्या, "मी इथे उन्हाला बसते." दुसरी गाडी? नाही. टॅक्सी? त्या हसल्या. चालत? त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. चौदा किलोमीटर.

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

बस आहे ती नावाला. खरंच सांगितलं होतं तिने. मला वाटलं, टाळतेय.

१०.५९

मघापासून फोन हातात आहे. 'बरं' लिहून, न सांगता इथवर आले, आता 'आले होते पण चुकलं' कसं सांगू? तिने विचारलं, सांगितलं का नाहीस, तर? तुझा 'नको' ऐकायची भीती वाटली म्हणून? सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने असं बोलायचं?

हो, बोलायचं. बोलायलाच हवं. भेट नाही तर नाही, आवाज तरी. ताई, मी चौदा किलोमीटरवर बाकावर बसलेय, ताई, त्या दिवशी मी जे बोलले ते — एवढं एका दमात सांगायचं आणि मग ती काय म्हणते ते ऐकायचं. ती काही बोलली नाही तर तेही ऐकायचं. परतीची बस इथून पावणेतीनला आहे. तोवर वेळच वेळ.

नंबर काढलाय. पलीकडून एक छोटी पिवळी गाडी येतेय —

त्याच दिवशी, ११.१२, गाडीत.

गाडीत मी एकटीच. चालकाने दार उघडून थेट इंग्रजीत विचारलं, "बहीण का?" मला काही कळेना. गाडी कुणी सांगितली, असं मी विचारलं. म्हणाला, "त्या गावातली एक बाई. सोमवारपासून रोज सांगते. रोज रिकामी घेऊन जातो, आणि ती थांब्यावर उभी असते. म्हणते, बहीण येणार आहे, कधी ते सांगणार नाही, हट्टी आहे." मग त्याने गिअर टाकला. "उद्याचीही सांगून ठेवलीय."

माझी अक्षरं दिसत नाहीयेत मला.