बाजार उठतानाचे मासे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, कारखान्याच्या कँटीनमधली निवृत्त स्वयंपाकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे; गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच त्याची खात्री करून घेतली. दडपण नाही असे लिहायची पद्धत आहे. दडपण आहे. माझा थोरला मुलगा घरविक्रीचा कागद घेऊन पुढच्या खोलीत बसला आहे आणि पाच वाजता गिऱ्हाईक यायचे आहे. तरीही खालचा शब्द न् शब्द माझा आहे. आधी कधी काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे.

कलम पहिले. बँकेतली ठेव आणि कानातले धाकट्या मुलीला. यजमान गेल्यापासून तिने मला एकटीला जेवू दिलेले नाही. थोरल्याने राग धरू नये. दुकान टाकताना त्याचा वाटा त्याने नेलेला आहे.

कलम दुसरे. वजनकाटा, सुऱ्या आणि मोठी पातेली गल्लीतल्या चार घरांना मिळून. आम्ही पाच घरे बावीस वर्षे घाऊक बाजारातून टोमॅटोची पेटी, कांद्याची गोणी एकत्र आणून वाटून घेत आलो. काटा शिंपिणीकडे राहावा, तिचा हात कोणाकडे झुकत नाही. देठ हिरवा आहे का पाहून घ्यावे, हंगाम नसलेल्या भाजीकडे ढुंकूनही पाहू नये, आणि पालेभाजी दोन दिवसांपुरतीच आणावी. सूनबाईंना लागेल, पण लिहिते: तुमच्या फ्रिजमध्ये आठवड्याची भाजी असते आणि शनिवारी निम्मी कचऱ्यात जाते. हा खर्च कोणी धरत नाही.

हे सगळे मी शहाणपणाने शिकले, असे घरात सगळ्यांना वाटते. कसे शिकले ते पुढच्या कलमात आहे.

कलम तिसरे, घराबद्दल. एकतीस वर्षांपूर्वी यजमान बसच्या आगारात मेकॅनिक होते आणि पगार कधी होईल ते सांगता येत नसे. मी बाजार उठायच्या वेळी जायची. तेव्हा विकणारे उरलेला माल निम्म्याने देत. मासेवाल्या ओळीत एक लहानखुरी बाई बसे. सगळे तिला बारकी म्हणत. त्या सोमवारी तिने मला दोन वेळांचे मासे एका वेळेच्या भावात दिले आणि बजावले, "ताई, आजच संपवा. उद्यावर ठेवू नका."

मी निम्मे ठेवले. घरात फ्रिज नव्हता. थंड पाण्याच्या परातीत डबा ठेवला आणि बुधवारी शिजवले, म्हणजे दोन दिवसांचा बाजार वाचला. वास जरा वेगळा होता. मी मसाला वाढवला. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. त्याला आधी वाढले. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे वर गेले होते.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्याकडे पाहून बोलत नव्हते. यजमानांनी मला बाकावर बसवून विचारले, "मासे कधीचे होते?"

"आजचेच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आणि माझे दीर चौघांना घेऊन बाजारात गेले आणि बारकीची पाटी उलटी केली. बाजार कार्यालयाने लेखी तक्रार मागितली. ती मी दिली. तिची बसायची जागा कायमची गेली; मग ती फाटकाबाहेर लिंबे घेऊन बसू लागली. पोरगा शुद्धीवर आला होता, तेव्हाही मी काही बोलले नाही. कोणी विचारलेच नाही, असे मी स्वतःला सांगत राहिले.

दोन वर्षांनी ती आमच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. पहिल्याच दिवशी हात साबणात ठेवून, मान वर न करता म्हणाली, "मासे त्या दिवशी ताजे होते, ताई. तुम्हाला माहीत आहे."

दूध उतू जाईल, असे म्हणून मी तिथून निघाले. दुधाखाली जाळ नव्हता. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एका छताखाली राबलो. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, माझ्याबद्दल कोणाला एक शब्द सांगितला नाही. मी मात्र रोज वाट पाहायची, आज बोलेल, आज बोलेल.

ती आता पुन्हा बाजाराच्या फाटकाशी जमिनीवर लिंबे विकते. म्हणून: घराची पुढची खोली, रस्त्याकडच्या दारासकट, बारकीला. तिथे तिने राहावे, दुकान मांडावे, काय हवे ते करावे. तिच्यामागे ती खोली आणि माझ्यामागे बाकीचे घर थोरल्याचे; पण ती हयात असेपर्यंत घर विकता येणार नाही.

एवढे लिहून मी थोरल्याला आत बोलावले आणि साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. तो उभाच राहिला. आजवर त्याने माशाला हात लावलेला नाही. मला वाटले, घरावरून भांडेल. तो म्हणाला, "शाळेत असताना मी तिच्या लिंबांवर थुंकलो होतो. तू माझ्याबरोबर होतीस."

होते. मी त्याचा हात धरून पुढे चालू लागले होते.

मग त्याने विचारले, "तिला हे सांगितलंस?"

"नाही. माझ्यामागे कळेल."

"म्हणजे तेव्हाही तुला तिच्याकडे बघावं लागणार नाही."

पाच वाजता गिऱ्हाईक आले. थोरल्याने त्याला दारातूनच परत पाठवले. त्याने बाहेर रिक्षा उभी केली आहे आणि माझ्या चपला उंबऱ्याशी आणून ठेवल्या आहेत. सही करते आणि निघते. ती काय म्हणेल ते म्हणो. कलम तिसरे बदलायचे नाही.

लिहून देणार: (सही) स्वयंपाकीण

आमच्यासमोर तिने वाचून सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही:
१. (सही) गल्लीतल्या डॉक्टरीणबाई
२. (सही) कोपऱ्यावरचा शिंपी

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
रविवार, तारीख सोळा, संध्याकाळचे सव्वापाच