नायट्रेट शून्य

१२ फेब्रुवारी
पाण्याचा कॅन सुनेच्या हातातून काढून घेतला आणि दाराबाहेर ठेवला. तान्ह्या बाळाच्या दुधाला विकतचं पाणी, आणि मी घरात असताना? आयुष्यभर विज्ञान शिकवलं ते उगाच नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आहे, मान्य. म्हणून तर परसात ड्रम बसवलाय: वाळू, भुसा, जिवाणू. ते नायट्रेट खातात आणि साधा निरुपद्रवी वायू सोडतात. सून म्हणाली, बाबा, बाळ तीन महिन्यांचं आहे. म्हटलं, जिवाणू त्याहून लहान, तरी कामाला लागलेत.

१९ फेब्रुवारी
ड्रममध्ये बुडबुडे. मीटरवर नायट्रेट निम्मं. ड्रममध्ये पाणी सोडणारी प्लास्टिकची नळी मात्र शोभत नाही. जुन्या गिझरची तांब्याची गुंडाळी काढली, ॲसिडने घासली. चकचकीत. बसवली.

२४ फेब्रुवारी
बेसिनमध्ये निळसर डाग. आमची ही म्हणाली, घासून जात नाही. म्हटलं, घासू नकोस, तांबं अंगाला चांगलं. पाण्यात जड धातू उतरले तर जिवाणू काम अर्ध्यावर टाकतात, असं पुस्तकात आहे. आपली गुंडाळी मी एका हाताने उचलली होती.
बुडबुडे थांबलेत. जिवाणू विश्रांती घेत असावेत.

२८ फेब्रुवारी
मीटर: शून्य! ड्रमचं पाणी आजपासून बाळाच्या बाटलीला, शेजाऱ्यांच्या नळाची कळशी बंद. मीटरसोबत नायट्राइटच्या पट्ट्यांची डबी आली होती. नायट्राइट म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. एक पट्टी बुडवली, गडद गुलाबी झाली, डबीवरच्या तक्त्यातला सगळ्यात वरचा रंग. पण आपला सामना नायट्रेटशी. डबी माळ्यावर टाकली. सुनेच्या डोक्याला उगाच ताप नको.

५ मार्च
बाळाचे ओठ निळे. म्हटलं, गारठा आहे, टोपरं घाला. ही चपला घालून गाडी बघायला गेली. सगळे हॉस्पिटलात. आल्यावर मीटर दाखवायचा.

संध्याकाळी
मुलाचा फोन. रक्त चॉकलेटी झालंय, ऑक्सिजन धरत नाही, डॉक्टर विचारतायत पाणी कुठलं. सांगितलं, शुद्ध, नायट्रेट शून्य. पलीकडे कोणीतरी काहीतरी बोललं. मग मुलगा म्हणाला, बाबा, नायट्राइट किती? म्हटलं, बघून सांगतो.

६ मार्च, सकाळ
माळ्यावर चढलो. डबी सापडली. मुलाला फोन करून रंग सांगितला. तो म्हणाला, औषध सुरू आहे, ओठ थोडे उजळलेत. सून बाळाला घेऊन आता घरी यायची नाही, असंही म्हणाला. मग फोन ठेवला.
दाराबाहेरचा कॅन आत आणला. सील तसंच होतं.