गाडीतली दहा मिनिटं

गुरुवार, स्टॅनमोर

इथल्या मराठी मंडळासाठी मी लिहिलेल्या नाटकावर नवऱ्याचा मित्र मिहिर फिल्म करतोय. आज त्याची स्क्रिप्ट वाचली. नाटकातली बाई बरीचशी मीच आहे, ते ठीक. पण हा नवा सीन कुठून आला? हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून परतल्यावर ती घरासमोर गाडी लावते आणि दहा मिनिटं आतच बसून राहते. हे मी नाटकात लिहिलेलंच नाही. हे मी रोज करते, आणि कुणालाही सांगितलेलं नाही.

मिहिरला फोन केला. "अगं, सुचलं मला. फिल्ममध्ये घराबाहेरचंही दाखवता येतं ना!"

सुचलं म्हणे! नेमकी दहा मिनिटं?

मग सुधीरला विचारलं, "माझ्याबद्दल मिहिरला काही सांगितलंस का?"

"मी कशाला सांगू?" असं म्हणत नवऱ्याने चहाचा कप पुढे केला.

खोटं. किचनच्या खिडकीतून गाडी स्पष्ट दिसते. म्हणजे हा रोज बघतो? मग मला एकदाही का नाही विचारलं? मित्राला सांगता येतं, बायकोला विचारता येत नाही!

आणि आता लिहिता लिहिता लक्षात येतंय. माझी घरी यायची वेळ कधीच ठरलेली नसते. तरी मी दार उघडते तेव्हा चहा नुकताच गाळलेला असतो. रोज.